गाठ दिसली, आता थांबायचं का काढायची? घोड्यांच्या कातडीच्या गाठींवर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर होती, घोड्याच्या अंगावर आलेल्या गाठी, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हेच एकत्र घेतले. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात "कुठलं औषध लावू" हाच प्रश्न आहे आणि गाठ कसली आहे हे मात्र कुणालाच माहीत नाही. सारकॉइडला, म्हणजे घोड्यांच्या कातडीत सर्रास दिसणाऱ्या एका ट्यूमरला, अर्धवट हात लावला तर तो चिडून दुप्पट वाढतो, डोळ्याच्या किंवा लिंगाच्या कॅन्सरला थांबलात तर वेळ हातची जाते, आणि शिंगराच्या नाकावरच्या चामखिळींना काहीच करायचं नसतं. म्हणून आधी गाठीचं नाव, मग औषध.

प्रश्न : डॉक्टर, माझा घोडा सहा वर्षांचा आहे, खच्ची केलेला. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला जांघेजवळ वर्षभरापासून केस गेलेला एक गोल चट्टा होता, आम्ही गजकर्ण समजून मलम लावत होतो, कधी कमी वाटायचं कधी जास्त. आता गेल्या काही आठवड्यात त्या चट्ट्यावर चामखिळीसारखं खडबडीत उगवलंय. एक जण म्हणाला हा सारकॉइड आहे, म्हणजे कॅन्सरच ना? घोडा वाचेल का? घरात सगळे काळजीत आहेत.

उत्तर : आधी जिवाची काळजी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा सारकॉइडच वाटतोय, नक्की काय ते तुमचे डॉक्टर प्रत्यक्ष बघून सांगतील, पण असला तरी सारकॉइड फुफ्फुसात, यकृतात असा आत कुठे पसरत नाही. घोड्यांमध्ये कातडीचा सगळ्यात जास्त दिसणारा ट्यूमर हाच. तो जिथे असतो तिथे मात्र आक्रमक असतो, आजूबाजूच्या कातडीत बोटं पसरल्यासारखा शिरतो आणि अर्धवट काढला तर परत येतो, म्हणून हलक्यात घ्यायचा नाही, पण माणसाच्या कॅन्सरचं जे चित्र आपल्या डोळ्यासमोर येतं ते इथे जसंच्या तसं लावू नका.

याचं पहिलं नीट वर्णन १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन यांनी केलं, आणि नंतर कळलं की यामागे गाईंना चामखीळ आणणारा पॅपिलोमा व्हायरस असतो, मुख्यतः त्याचा टाइप १ आणि टाइप २. गाईला त्याने साधी चामखीळ येते आणि जाते, घोड्यात मात्र तो कातडीच्या खालच्या थरातल्या पेशींना बिघडवतो आणि त्या वाढतच राहतात. व्हायरस लागला की सारकॉइड आलाच असं नाही, काही घोड्यांची प्रकृतीच तशी असते, हे वंशातून येतं, त्यामुळे एकाच तबेल्यात राहून एकाला दहा गाठी आणि शेजारच्याला एकही नाही असं सर्रास दिसतं. पहिली गाठ बहुतेकदा ३ ते ६ वर्षांच्या वयात दिसते, तुमचा घोडा त्यातच बसतो.

आता तुमच्याकडे झालं काय ते सांगतो. सारकॉइडची रूपं वेगवेगळी असतात. एक सपाट चट्टा, केस विरळ, कातडी जराशी जाड, गजकर्णासारखीच दिसणारी. दुसरं चामखिळीसारखं खरखरीत. तिसरं कातडीखाली घट्ट गोळी. चौथं मांसल, ओलं, हात लागला की रक्त येणारं, हे सगळ्यात त्रासदायक. शिवाय यांची सरमिसळ असते, आणि फार क्वचित एक असा प्रकार दिसतो ज्यात गाठींच्या माळा कातडीखालून पसरत जातात. सपाट चट्टा वर्षानुवर्षं तसाच शांत बसू शकतो पण त्याला सारखं घासलं, खरवडलं, जखम झाली की तो पुढच्या रूपात जाऊ शकतो, तुमच्याकडचा चट्टा चामखिळीच्या रूपात गेलाय. म्हणून ते मलम चोळणं आजपासून बंद, खरारा करताना ती जागा सोडून द्यायची, आणि मोतद्दाराला पण तसं सांगून ठेवा कारण बहुतेक घासाघाशी तिथेच होते.

तुम्ही विचाराल मग तुकडा काढून तपासायला का नाही पाठवायचा. पाठवता येतो, खात्री तर त्यानेच होते, पण सारकॉइडला नुसता तुकडा काढून तसंच सोडलं तर तो भडकण्याचा धोका असतो. त्यामुळे अनुभवी डॉक्टर एकतर दिसण्यावरून निदान करतात, किंवा तुकडा घ्यायचाच असेल तर रिपोर्ट आला की लगेच पुढचा इलाज सुरू करायची तयारी आधी करून ठेवतात. हे तुम्ही स्वतःहून विचारा, "तुकडा घेतल्यावर पुढे काय करणार आहोत आणि कधी", याचं उत्तर मिळाल्याशिवाय हात लावू देऊ नका.

इलाज काय, तर तुमच्या जागेसाठी दोन रस्ते मला योग्य वाटतात. एक म्हणजे लेसरने, कडेची चांगली दिसणारी कातडी थोडी सोबत घेऊन पूर्ण काढून टाकणं. साध्या सुरीने नुसती गाठ कापली तर परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालात फार वेगवेगळं आहे पण अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून वाईट आकडे पण आहेत, आणि परत आलेला सारकॉइड पहिल्यापेक्षा वाईट स्वभावाचा असतो. कडेची चांगली कातडी घेऊन लेसरने काढल्यावर निकाल खूपच सुधारतात. दुसरा रस्ता मलमाचा, इमिक्विमॉड ५ टक्के, हे माणसांच्या चामखिळीवरचं औषध आहे, थेट गाठ जाळत नाही तर तिथली प्रतिकारशक्ती जागी करतं. आठवड्यातून साधारण तीनदा, हातमोजे घालून, आणि काही महिने. मध्येच ती जागा लाल होईल, सुजेल, ओली होईल, खपली धरेल, मालक इथेच घाबरून बंद करतात, पण बऱ्याचदा तेच औषध काम करत असल्याचं लक्षण असतं. फक्त घोडा हात लावू देईना, लाथ मारायला लागला तर डॉक्टरांशी बोलून काही दिवस खंड द्या, जबरदस्ती करून जांघेजवळ कुणी जखमी व्हायला नको.

काही सारकॉइड आपोआप जातात हे पण खरं आहे, विशेषतः तरुण घोड्यांमधले हलके चट्टे. चट्टा शांत असता तर मी पण तुम्हाला नुसतं लक्ष ठेवा म्हणालो असतो. आता तो बदललाय म्हणून सांगतोय, थांबू नका.

प्रश्न : घोडीच्या पुढच्या पायाच्या काखेत, बरोबर जिथे तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, येतो तिथे, लिंबाएवढी गाठ लोंबतेय. एका जुन्या माणसाने सांगितलं शेपटीचा केस घट्ट बांधून ठेवा, गळून पडेल. दुसरा म्हणतो मोरचूद लावा. काय करू?

उत्तर : बांधण्याची पद्धत अगदीच चुकीची नाही, डॉक्टरसुद्धा वापरतात, पण कधी वापरायची ते कळलं पाहिजे. गाठीला बारीक देठ असेल, बोटात धरून ओढली की खालची कातडी मोकळी सरकत असेल आणि गाठीचा कुठलाच भाग खाली खोल गेलेला नसेल, तरच बांधायची. तेव्हा डॉक्टर घोडीला गुंगीचं इंजेक्शन देऊन, जागा बधिर करून, देठाच्या अगदी मुळाशी घट्ट रबरी रिंग बसवतात, रक्त बंद होतं आणि गाठ वाळून पडते. धनुर्वाताची लस आधी झालेली असली पाहिजे, हे विसरू नका कारण मेलेलं मांस आणि घोडा हे धनुर्वाताला आमंत्रण आहे.

केसाने किंवा दोऱ्याने घरी बांधताना होतं असं की ताण पुरेसा बसत नाही, गाठ अर्धी मरते, अर्धी जिवंत राहते, आणि देठाखालचं मूळ तसंच राहतं, मग त्याच जागी मांसल रक्ताळलेला सारकॉइड उभा राहतो. काखेत तर तंगाची घासण आहेच. तुमची गाठ लिंबाएवढी आहे म्हणजे मुळाशी काय आहे ते हाताने नीट चाचपून बघितल्याशिवाय रिंग लावू नये असं माझं मत आहे.

मोरचूद, ॲसिड, चुना यातलं काहीही नको. ही औषधं चांगलं आणि वाईट मांस यात फरक करत नाहीत, वरवर जाळतात, खाली गाठ राहते. काही ठिकाणी ब्लडरूट नावाच्या वनस्पतीच्या मुळाचं मलम मिळतं, काही गाठींवर त्याचा उपयोग झालेला आहे, पण ते पण जाळणारंच औषध आहे, डॉक्टरांनी जागा बघून सांगितल्याशिवाय लावू नका आणि डोळ्याजवळ तर नाहीच नाही. इलाज होईपर्यंत खोगीर बंद. तंगाखाली मऊ कापड घालून चालवू असा विचार करू नका, घासण ती घासणच.

प्रश्न : आमच्या घोड्याच्या वरच्या पापणीत सारकॉइड आहे असं निदान झालंय. एक डॉक्टर बीसीजीचं इंजेक्शन म्हणतात, दुसरे सिस्प्लॅटिन, तिसऱ्यांनी रेडिएशनसाठी मोठ्या हॉस्पिटलला न्या सांगितलं. तिघं तीन गोष्टी सांगतात, विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : तिघंही खरं बोलतायत, पापणीच्या सारकॉइडला हे तिन्ही इलाज आहेत. पापणी ही सगळ्यात अवघड जागा, कारण इथे कापायला जास्तीची कातडीच नसते आणि पापणी नीट मिटली नाही तर डोळाच जातो. म्हणून डोळ्याजवळ जाळणारी मलमं, गाठ गोठवणं किंवा नुसतं कापणं यात बरी झालेली पापणी पण आकसून वाकडी होऊ शकते.

बीसीजी म्हणजे टीबीची लसच, ती थेट गाठीत टोचतात म्हणजे शरीर त्या जागेवर तुटून पडतं. २ ते ३ आठवड्यांच्या अंतराने काही वेळा करावं लागतं. डोळ्याभोवतीच्या गोळीसारख्या गाठींवर चांगलं चालतं, पायावरच्यावर तेवढं नाही. यात एक धोका मात्र गंभीर आहे, दुसऱ्या किंवा पुढच्या इंजेक्शनला काही घोड्यांना जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी सूज आणि ॲलर्जी रोखणारी औषधं देऊनच टोचतात आणि नंतर बराच वेळ घोड्यावर लक्ष ठेवतात. टोचून लगेच निघून जाणारा माणूस यासाठी नको.

सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. घोड्यात ते शिरेतून न देता तिळाच्या शुद्ध तेलात मिसळून थेट गाठीत आणि तिच्या कडेला टोचतात, तेलामुळे औषध तिथेच टिकतं. साधारण दोन-दोन आठवड्यांनी चार वेळा. निकाल चांगले आहेत. पण औषध माणसांसाठी विषारी आहे, टोचणाऱ्याने आणि घोडा धरणाऱ्याने हातमोजे, चष्मा घालायचाच, गरोदर बाईने जवळ थांबायचं नाही, आणि त्या दिवसाचा कचरा, कापूस वेगळा जमा करून डॉक्टरांकडे परत द्यायचा. याच औषधाला विजेच्या छोट्या झटक्यांची जोड देऊन पेशींची दारं उघडतात, त्याला इलेक्ट्रोकेमोथेरपी म्हणतात, औषध जास्त आत शिरतं, पण त्यासाठी घोड्याला पूर्ण भूल द्यावी लागते.

रेडिएशनमध्ये, किरण सोडणाऱ्या इरिडियम धातूच्या बारीक तारा गाठीत ठेवून आतूनच किरण देतात, पापणीसाठी निकाल सगळ्यात चांगले याचेच मानले जातात. अडचण एवढीच की हे फार थोड्या ठिकाणी होतं, घोडा काही दिवस वेगळा ठेवावा लागतो आणि खर्च मोठा असतो.

माझं मत विचाराल तर, तुम्हाला रेडिएशनपर्यंत पोचणं खरंच शक्य असेल तर पहिल्यांदा तिथेच जा, बाकी दोन फसल्यावर नको, कारण सारकॉइडचा पहिला इलाज हीच सगळ्यात मोठी संधी असते, प्रत्येक फसलेल्या इलाजानंतर पुढचा अवघड होतो. शक्य नसेल तर तिघांपैकी ज्यांनी पापणीवर स्वतः हे काम जास्त वेळा केलंय त्यांच्याकडे जा. इलाज कुठला यापेक्षा तो करणारा हात किती सरावलेला आहे याला मी इथे जास्त महत्त्व देतो.

प्रश्न : माझी पांढरी घोडी बारा वर्षांची आहे, जन्मली तेव्हा काळसर होती. शेपटी वर केली की खाली काळ्या गुळगुळीत गाठी दिसतात, वाटाण्याएवढ्या पाच-सहा. तिला काहीच त्रास नाही. सगळे म्हणतात पांढऱ्यांना असतंच, हात लावू नको, छेडलं की पसरतं. एका मैत्रिणीच्या घोडीला मात्र शेवटी लीदच होईना. मी काय करावं?

उत्तर : ताई, या मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगाच्या पेशींच्या, गाठी असणार. "पांढऱ्यांना असतंच" हे बरोबर आहे, "म्हणून हात लावू नको" हे मात्र मला अजिबात पटत नाही.

जे घोडे गडद रंगाचे जन्मतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात त्यांच्यात एक जीन, म्हणजे जनुक, असतो. २००८ साली स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांनी दाखवलं की एसटीएक्स१७ नावाच्या जीनमध्ये एक तुकडा दुबार झालेला असतो, त्याच तुकड्यामुळे केस लवकर पिकतात आणि त्याच्यामुळेच रंगाच्या पेशींच्या गाठी पण होतात. २०२४ मध्ये आणखी पुढचं कळलं, तो तुकडा दोनदा असेल तर घोडा हळूहळू पांढरा होतो आणि गाठींचा धोका कमी, तीनदा असेल तर भराभर पांढरा होतो आणि धोका जास्त. पंधरा वर्षांवरच्या अशा घोड्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त घोड्यांना कुठे ना कुठे गाठ असतेच. जन्मापासून गुलाबी कातडीचे पांढरे घोडे, नुकरे वगैरे, यात मोडत नाहीत, त्यांची अडचण वेगळी आहे ती पुढच्या उत्तरात येईल.

या गाठी वर्षानुवर्षं हळू वाढतात, खूपशा घोड्यांचं सगळं आयुष्य त्यात नीट जातं. पण काही वाढतच जातात, एकमेकींना चिकटून शेपटीखाली कडक थर होतो, गुदद्वार आवळलं जातं, लीद करताना त्रास होतो, तुमच्या मैत्रिणीच्या घोडीचं बहुधा हेच झालं असणार. काही फुटतात, काळा चिकट द्राव येतो, माशा बसतात. आणि काही आत पण जातात, गळ्याच्या पोकळीत, लाळग्रंथीत, पोटात. छेडलं की पसरतं ही समजूत फार जुनी आहे, लहान गाठ पूर्ण काढल्याने ती भडकते असं दिसत नाही, उलट लहान, वेगळी वेगळी, सरकणारी गाठ काढणं हे सगळ्यात सोपं काम आहे. घोडी उभी असताना गुंगी देऊन, जागा बधिर करून होतं. वाट बघून तीच गाठ अंड्याएवढी झाली आणि गुदद्वाराच्या स्नायूला चिकटली की मग कुणीच काढू शकत नाही.

म्हणून वाटाण्याएवढ्या आहेत तेव्हाच काढून घ्या असं मी सांगेन. सोबत डॉक्टरांना लीदेच्या वाटेने हात घालून आत गाठी आहेत का ते बघायला सांगा, जबड्याच्या मागे, ओठांवर, आयाळीखाली पण चाचपून घ्या. ज्या काढता येणार नाहीत त्यात सिस्प्लॅटिन टोचता येतं. सिमेटिडिन नावाच्या ॲसिडिटीच्या गोळ्या खूप लोक देतात, निकाल इतके वेगवेगळे आलेत की मी त्याच्या भरवशावर गाठ ठेवणार नाही. कुत्र्यांच्या मेलॅनोमासाठी निघालेली एक डीएनए लस काही ठिकाणी घोड्यांना पण देतात, काहींच्या गाठी लहान झाल्यात, पण पक्का इलाज म्हणून तिच्याकडे बघू नका.

एक सूचना बाकीच्या वाचकांना, गाठ काळी आहे पण घोडा तांबडा, कुमाईत किंवा काळा असेल तर वरचं शांतपणाचं बोलणं तुम्हाला लागू नाही. पांढऱ्या न होणाऱ्या घोड्याला, त्यातही मोठ्या वयात आलेला मेलॅनोमा घातक निघण्याची शक्यता जास्त, ती गाठ लगेच काढून तपासायला पाठवा.

प्रश्न : दोन पत्रं एकत्र. पहिलं, गुलाबी तोंडाच्या घोड्याच्या डोळ्यातून सतत पाणी येतं, आतल्या कोपऱ्यात तिसऱ्या पापणीवर लालसर खडबडीत काहीतरी आहे, ड्रॉप्स घालून बरं होत नाही. दुसरं, वयस्कर खच्ची घोड्याच्या लिंगावर फुलकोबीसारखी वाढ आहे, घाण वास येतो, आम्हाला वाटलं मळ साचलाय.

उत्तर : या अंकातली सगळ्यात तातडीची पत्रं ही दोन. दोघांनी अंक खाली ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा.

दोन्हीकडे मला स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या कॅन्सरची, शंका येते. हा खरोखरचा कॅन्सर आहे, आधी जागेवरच पोखरत जातो, मग जवळच्या लिम्फच्या गाठींमध्ये जातो, उशीर झाला तर आणखी पुढे. पण लवकर पकडला तर याच्या इतकं समाधान देणारं ऑपरेशन मला दुसरं माहीत नाही. सारकॉइडसारखी तुकडा काढायची भीती इथे नाही, इथे तुकडा काढून तपासायलाच हवा.

डोळ्याचं कारण मुख्यतः ऊन, गुलाबी कातडीत रंग नसल्यामुळे अतिनील किरण थेट आत जातात. काही जातीत जीनचा पण वाटा आहे, हाफलिंगर घोड्यांमध्ये डीडीबी२ नावाच्या जीनमधला दोष २०१७ मध्ये सापडला, उन्हाने झालेला बिघाड दुरुस्त करायचं कामच तिथे नीट होत नाही. वाढ फक्त तिसऱ्या पापणीवर असेल तर ती पापणी पूर्ण काढून टाकतात, घोडा त्याशिवाय छान राहतो. बुबुळाच्या कडेवर असेल तर कापून वर मायटोमायसिन या कॅन्सरच्या औषधाचे ड्रॉप्स किंवा स्ट्रॉन्शियमचे वरवरचे किरण देतात. ड्रॉप्स घालूनही बरा न होणारा एकाच बाजूचा डोळा म्हणजे पापण्या उलटून, तिसरी पापणी बाहेर ओढून बघायलाच पाहिजे, हे मी सगळ्याच मालकांना सांगतो. यानंतर उन्हातून डोळे झाकणारी जाळीची टोपी कायमची.

लिंगावरच्या वाढीमागे बऱ्याचदा घोड्यांचाच एक पॅपिलोमा व्हायरस, टाइप २, सापडतो. छोटे, वरवरचे डाग असतील तर फाइव्ह-एफयू नावाचं मलम दोन आठवड्यातून एकदा लावून पण जातात. फुलकोबीसारखी वाढ झाली असेल तर कापावं लागतं, किती पसरलंय त्यावर लिंगाचा शेवटचा भाग किंवा जास्त. ऐकायला भयंकर वाटतं पण खच्ची घोड्याला त्याने जगण्यात काही कमी पडत नाही, लघवीची वाट नीट करून देतात. जांघेतल्या लिम्फच्या गाठी फुगल्यात का ते ऑपरेशनच्या आधी बघायलाच लावा, सगळा निर्णय त्यावर ठरतो. आणि मळ समजून राहिलात याचं वाईट वाटून घेऊ नका, आतली जागा असल्यामुळे खूप जणांना उशिराच कळतं, म्हणून खच्ची घोड्याची ती जागा अधूनमधून धुताना नीट डोळ्यांनी बघायची सवय ठेवा.

प्रश्न : दीड वर्षाच्या शिंगराच्या नाकावर आणि ओठांवर करड्या रंगाच्या बारीक बारीक खूप चामखिळी आल्यात, मोजता येणार नाहीत इतक्या. जाळून टाकू का?

उत्तर : काही करू नका. ही लहान वयातली व्हायरसची चामखीळ, प्रतिकारशक्ती तयार झाली की काही महिन्यांत आपोआप गळून जातात. दुसऱ्या शिंगरांना लागू शकतात म्हणून पाण्याची बादली, ब्रश आणि म्होरकी वेगळी ठेवा. मोठ्या घोड्यांच्या कानात आतून पांढरे पापुद्रे दिसतात ते पण अशाच व्हायरसचे, चावणाऱ्या बारीक माशांनी पसरणारे, ते आपोआप जात नाहीत पण बहुतेकांना त्रासही देत नाहीत, कान हाताळू देत असेल तर खरवडायला जाऊ नका.

प्रश्न : पायाला तारेची जखम झाली होती, गुडघ्याच्या खाली. दोन महिने झाले, भरायच्या ऐवजी लाल मांस बाहेर वाढत चाललंय. हे पण सारकॉइड का?

उत्तर : असू शकतं, पण चार गोष्टी तिथे सारख्याच दिसतात आणि चारींचा इलाज वेगळा. पायाच्या खालच्या भागात घोड्याचं जास्तीचं मांस नुसतंच उगवतं, त्यात मज्जातंतू नसतात, डॉक्टर ते पातीने सपाट कापतात, रक्त खूप येतं पण दुखत नाही, मग पट्टी करून जखम भरते. दुसरं, माशा जखमेत पोटातल्या जंताच्या अळ्या सोडतात, जखम खाजते, त्यात पिवळे कणीसारखे दाणे असतात, गरमीत वाढते आणि थंडीत बसते, त्याला आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध आणि सूज कमी करणारं औषध लागतं. तिसरं पिथिओसिस, साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्यांना होतं, बुरशीसारखा पण बुरशी नसलेला जंतू, भयंकर खाज, आठवड्यागणिक वाढ, आणि दाबलं की पोवळ्याच्या तुकड्यासारखे पिवळट कडक खडे बाहेर येतात. हे असेल तर एक दिवसही न घालवता पळा, लवकर आणि पूर्ण कापलं तरच पाय वाचतो. चौथं म्हणजे जखमेत शिरलेला सारकॉइड.

इथे मी तुकडा तपासायला पाठवाच म्हणेन, एक नाही, वेगवेगळ्या जागचे दोन-तीन, कारण सारकॉइड आणि जास्तीचं मांस एकाच जखमेत शेजारी शेजारी असू शकतात. दोनदा मांस कापून, नीट पट्ट्या करून पण परत उगवलं असेल तर सारकॉइड समजूनच पुढे चला.

प्रश्न : सारकॉइड असलेला घोडा बाकीच्या घोड्यांबरोबर आणि गाईंच्या शेजारी ठेवला तर चालेल का? लहान मुलं त्याला हात लावतात.

उत्तर : माणसाला हा व्हायरस लागत नाही, मुलांना लावू दे हात, फक्त औषध लावलेल्या जागेला नाही. घोड्याला वाळीत टाकायची गरज नाही, पण माशांच्या अंगावर या व्हायरसचा अंश सापडलाय, त्यामुळे माशा एका घोड्याच्या गाठीवरून दुसऱ्याच्या जखमेवर बसणार नाहीत एवढं बघा. लीद रोज लांब टाका, माशांचं औषध मारा, कुठल्याही घोड्याची ताजी जखम, खच्ची केल्यानंतरची तर नक्कीच, उघडी ठेवू नका. गाईंच्या अंगावर चामखिळी दिसत असतील तर त्यांची दावी, ब्रश घोड्याला वापरू नका. ज्या घोड्याला आधीच गाठी आहेत त्याचं दुसरं कुठलंही ऑपरेशन करायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नव्या टाक्यांच्या जागी पण सारकॉइड उगवू शकतो.

प्रश्न : आमच्याकडे जनावरांचे डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात. तोपर्यंत गाठ वाढतेय का हे आम्ही कसं ठरवायचं? रोज बघून काहीच कळत नाही.

उत्तर : रोज बघणाऱ्याला कळतच नाही, म्हणून फोटो काढा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, तोच माणूस, तेच अंतर, उजेड साधारण सारखा, आणि प्रत्येक वेळी गाठीशेजारी तेच एक नाणं धरून. फोटोत नाणं असलं की आकार कुणीही मोजू शकतो. सगळ्या अंगावर किती आणि कुठे कुठे गाठी आहेत याचं एका कागदावर घोड्याचं चित्र काढून खुणा करा, पोटाखाली, काखेत, जांघेत, कानामागे हात फिरवून, कारण एक सारकॉइड सापडला की दुसरा शोधायचाच असतो. त्याच कागदावर कुठलं औषध कधीपासून लावलं ते लिहा. इलाज झाल्यावर पण फोटो बंद करू नका, परत यायचा असेल तर बरेचदा पहिल्या ६ महिन्यांतच दिसायला लागतो. आणि खालीलपैकी काहीही दिसलं तर दोन-तीन महिने थांबू नका, फोटो डॉक्टरांना लगेच पाठवा: सपाट चट्ट्यावर उंचवटा, कोरड्या गाठीतून ओल किंवा रक्त, महिन्याभरात दिसण्याइतकी वाढ, डोळ्यातून एकाच बाजूने पाणी, लघवी करताना किंवा लीद टाकताना जोर.